राजारामवर पाणी किती?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. पाढे पाठ होण्याआधी मला हे दोन आकडे पाठ होते. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीच्या आसपास वाढलेल्या कुणालाही ते असतात. आमच्याकडं पंचगंगा समोरून येत नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकायचं थांबतं, मागं फिरतं आणि गटारीच्या तोंडातून गल्लीत वर येतं. नदी दिसत नाही, म्हणून तिचा आकडा कानावर ठेवावा लागतो.

आमचे आबा तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. जुलै-ऑगस्टच्या पानांवर दुधाच्या हिशेबाशेजारी फूट आणि इंच, आणि पुढं एक बाण. पाणी चढत असेल तर वर, उतरत असेल तर खाली. त्यांचं लक्ष आकड्यापेक्षा बाणावर जास्त असायचं. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की ते आपले आपण उघडतात आणि एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पुढं पंचगंगेत, सुटतं. ‘दोन उघडलं’ असं कुणी सांगितलं की आबा कॅलेंडर सोडून माळ्याकडं बघायचे.

2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं आणि जपून ठेवलेली ती कॅलेंडरं त्यात गेली. 2021 ला ते 56 च्याही पुढं गेलं. त्या वर्षी आकडे सगळ्यांच्या मोबाईलवर होते, तासातासाला नवे. पण आज सकाळचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवून बघायची सोय कुठल्याच मेसेजमध्ये नव्हती. बाण हरवला होता.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी स्टोअरची रजिस्टरं सांभाळते. त्या कामापुरतं पायथॉन शिकले होते. तो बाण परत आणायचा म्हणून तिथून जँगोकडं वळले. जँगो म्हणजे वेब ॲप्लिकेशन उभारायची तयार चौकट. लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, माहिती भरायचं ॲडमिनचं पान, सगळं तिच्यात आधीच असतं. नवख्या माणसानं फक्त आपली माहिती कशी आहे ते सांगायचं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये लॉरेन्स नावाच्या गावात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ती घडवली. बातमी शिळी व्हायच्या आत पान उभं राहिलं पाहिजे, या निकडीतून ती तयार झाली. ती सगळ्यांसाठी खुली झाली जुलै 2005 मध्ये. त्याच महिन्यात इथं आम्ही पंचगंगेचं पाणी बघत गाद्या माळ्यावर चढवत होतो.

जँगोचा पहिला धडा मतदानाचं ॲप करायला शिकवतो. एक प्रश्न आणि त्याला अनेक पर्याय. मी प्रश्नाच्या जागी बंधारा ठेवला आणि पर्यायांच्या जागी नोंदी. नातं तेच राहिलं.

खरं काम पुढं होतं. आपण 42.10 लिहितो तेव्हा बेचाळीस फूट दहा इंच म्हणायचं असतं. संगणक त्याला दशांश समजतो आणि 42.9 पेक्षा लहान धरतो. म्हणजे एका इंचानं चढलेल्या पाण्याला तो उतार म्हणेल. घर सोडायचं की थांबायचं हे ज्यावर ठरतं, तिथं हे चालणार नाही. म्हणून सगळ्या नोंदी नुसत्या इंचांत ठेवल्या, इशारा 468 आणि धोका 516. पडद्यावर दाखवताना तेवढं फूट-इंचांत येतं. वेळेचंही तसंच. नव्या प्रोजेक्टमध्ये घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असतं, तिथं आपली पहाटे पाचची नोंद आदल्या रात्री साडेअकराला जाऊन बसते. सेटिंगमध्ये कोलकात्याची वेळ लावली की दिवस जागेवर येतो. बाण मात्र अगदी सोपा निघाला. शेवटच्या नोंदीतून तिच्या आधीची वजा करायची, बस्स.

गल्लीत ॲप दाखवायला नेलं तेव्हा कळलं की बंधाऱ्याचा आकडा हा निम्माच विषय आहे. प्रत्येक घराचा स्वतःचा आकडा असतो. आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते सेहेचाळीसच्या सुमाराला, दोन घरं सोडून त्याआधीच. हे ज्ञान सरकारी तक्त्यात नाही, ते माणसांच्या डोक्यात आहे. म्हणून घरांचा तक्ता केला आणि त्यात ‘उंबरा’ हा रकाना घातला.

मूर्तिकाम करणाऱ्या मामांनी तो बघितला आणि मान हलवली. “माणूस चालत जातंय गं, गणपती न्हाई. त्यो उचलून न्यायला लागतोय. माझा आकडा आदी धर.” पुराचे दिवस आणि गणपतीच्या रंगकामाचे दिवस एकच असतात. ओली मूर्ती घाईनं हलवता येत नाही. मग दुसरा रकाना आला, ‘सामान हलवायची पातळी’.

भरलेल्या तक्त्यात नवा रकाना घालताना जँगो विचारतं, जुन्या नोंदींत काय भरू? मी बराच वेळ तो प्रश्न बघत बसले. सगळ्यांना 43 टाकणं सोपं होतं. पण दुसऱ्याच्या घराचा आकडा अंदाजानं लिहायचा नाही, हे मला तिथं पक्कं वाटलं. रकाना रिकामा ठेवायची मुभा दिली आणि दारोदार जाऊन विचारलं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्यापुढं ॲपवर ‘विचारायचं आहे’ असं दिसतं. ही ओळ मला सगळ्या ॲपमध्ये महत्त्वाची वाटते. पुराच्या दिवसांत चुकीच्या आकड्यापेक्षा मोकळी जागा बरी. ती बघून निदान कुणीतरी त्या दारात जातं.

परवा मागच्या गल्लीतल्या मावशी म्हणाल्या, “पाणी चडल्यालं समदीच लिवत्यात. उतरल्यावर भिंती कदी वाळल्या, त्ये कोन लिवनार?” बरोबर आहे त्यांचं. पाणी दारातून गेलं ती तारीख आणि घर राहण्याजोगं झालं ती तारीख, यांच्यामधलं अंतर कुठंच नोंदलेलं नाही. त्यासाठी नवा तक्ता करायला घेतला आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या तारखा घरोघरी विचारूनच भराव्या लागतील. 2005 चं नीट सांगू शकणारी बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून, आणि ती याच उन्हाळ्यात.