मामाचं व्याज कुणी खाल्लं?



मागच्या महिन्यात बारामतीहून एस.टी.ने इंदापूरला मामाकडे गेलो, तर मामा ओट्यावर एक टाइप केलेला कागद घेऊन बसलेला. ज्या शिक्षण संस्थेने त्याला शिपायाच्या नोकरीवरून काढलं होतं, तिनेच पाठवलेला. मजकूर एवढाच : थकीत पगार मिळाला, आता कसलाही दावा उरला नाही. सही करा, चेक घेऊन जा.

"करून टाका की," मामी म्हणाली. तिचं काय चुकलं? सहा वर्षं ती लोकांच्या डाळिंबाच्या बागेत रोजाने गेली.

मामाचा गुन्हा काय, तर शाळा सुटल्यावर अध्यक्षांच्या गोठ्यात शेण काढायला तो गेला नाही. गावकीच्या राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाचं विधेयक आणलं होतं. संस्थेच्या वाड्यापर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

चौकशी न करताच काढलं. 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 खाली पुण्याच्या शाळा न्यायाधिकरणात अपील केलं, तेही तीस दिवसांच्या आत. सहा वर्षांनी जिंकलो. कामावर घ्या, मागचा पूर्ण पगार द्या. आम्ही पेढे वाटले. संस्थेने कामावर घेतलं, पैसे मात्र आणखी चौदा महिने अडवले.

आता हिशेब मांडू. सोपं जावं म्हणून पगार महिना 10,000 धरा. 72 महिन्यांचे 7,20,000. वर्षाला 9 टक्के सरळ व्याज म्हणजे दहा हजारांवर महिन्याला 75 रुपये. पहिला पगार 71 महिने अडकला, दुसरा 70, असं करत बेरीज होते 1,91,700. पुढचे चौदा महिने दरमहा 5,400 प्रमाणे 75,600. एकूण 2,67,300. एवढी रक्कम त्या कागदावरच्या एका सहीत बुडणार होती.

आणि याच काळात मामाने घर चालवायला पैसे घेतले ते शेकडा तीन रुपयांनी, म्हणजे वर्षाला 36 टक्के. त्याने घेतलेल्या पैशाला व्याज, त्याच्या अडकलेल्या पैशाला मात्र नाही!

व्याज मागणं म्हणजे हावरटपणा नव्हे. दीपाली सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय हा खटला आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेचा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला पूर्ण मागचा पगार दिला आणि बजावलं की चार महिन्यांत दिला नाही तर निलंबनाच्या तारखेपासून 9 टक्के व्याज भरावं लागेल. दुसरीकडे कुठे नोकरी नव्हती हे कर्मचाऱ्याने आधी सांगायचं. मग होती हे सिद्ध करणं मालकाचं काम, हेही त्याच निकालात आहे.

मग मामाच्या आदेशात व्याज का नाही? कारण आपण मागितलंच नव्हतं. अपिलाचा मसुदा वकिलांकडे बसून मीच वाचला होता. 'पूर्ण पगारासह' एवढे शब्द दिसले आणि मी खूश. आदेशात जे नाही ते वसुलीच्या वेळी घुसवणं फार अवघड जातं. मित्रांनो, कामगारांच्या केसेस हाताळत असाल तर विनंतीच्या परिच्छेदात व्याजाचा दर आणि कुठल्या तारखेपासून ते स्पष्ट लिहा. आणि नोकरीवरून काढल्याबरोबर लेखी नोटीस द्या की थकलेल्या रकमेवर व्याज मागणार आहे. 1978 च्या व्याज कायद्याचं कलम 3 अशा नोटिशीच्या तारखेला महत्त्व देतं, आणि त्या कायद्यात 'कोर्ट' म्हणजे न्यायाधिकरणसुद्धा. टपालाचा खर्च आपण वाचवतो.

मामाने त्या कागदावर 'दावा उरला नाही' ही ओळ खोडली. खाली लिहिलं, 'रक्कम व्याजाचा हक्क राखून स्वीकारत आहे', मग सही केली. संस्थेच्या क्लार्कने कागद परत केला, चेक दिला नाही. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी इंदापूरच्या पोस्टातून रजिस्टर पत्र टाकलं : मुद्दल, दोन्ही टप्प्यांचं व्याज, वेगवेगळ्या रकान्यांत. आता ते पुन्हा न्यायाधिकरणासमोर न्यायचं की थेट हायकोर्टात, यावर वकिलांचं आणि माझं जुळत नाहीये. पोचपावती अजून यायची आहे.