मनीषाच्या सव्वा महिन्यासाठी

सौ. ताईस,
धुळ्याहून सा. न.

मनीषा सिझेरियन होऊन अमळनेरला तुझ्याकडे आली, बाळ नीट दूध ओढतंय, हे ऐकून जीव भांड्यात पडला. तू खोली बंद करून, बाजेखाली शेगडी ठेवून तिला पाणी मोजून देत असशील. आपल्या बाळंतपणांत आईनेही मायेने हेच केलं. तरी ताई, तिला पाणी पोटभर दे आणि दिवसभर बाजेवर पडून राहू देऊ नकोस. घरातल्या घरात हळूहळू चालू दे.

बाळंत होताना फार रक्त जाऊ नये म्हणून पोटुशी बाईचं रक्त लवकर गोठू लागतं. बाळ झालं म्हणून ते लगेच पूर्ववत होत नाही. पहिले सहा आठवडे, म्हणजे साधारण आपला सव्वा महिना, गुठळीचा धोका सगळ्यात जास्त. सिझेरियन झालेलीला आणखी. त्यात आपला वैशाख, पारा पंचेचाळिशीला, वर शेगडी! घामाने अंगातलं पाणी जातं, पडून राहिल्याने पायात रक्त साकळतं. बाळंतिणींच्या मेंदूच्या शिरांतही गुठळ्या होतात, आणि पाणी तोडणं हे त्याचं एक कारण डॉक्टर सांगतात.

मालिशवाल्या मावशींनाही बजाव: एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर तेल लावून चोळायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दम लागला, छातीत कळ आली, डोकं असह्य दुखलं, झटका आला, तर दृष्ट काढत बसू नका, १०८ ला फोन करा. जळगावचं सरकारी रुग्णालय आहे, आमचं हिरे मेडिकल कॉलेज आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीचे उपचार, औषधं आणि गाडी ४२ दिवसांपर्यंत मोफत आहेत. आशाताई बाळाला बघायला येईल, तेव्हा मनीषाचे पायही तिला दाखव.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. तुझ्या पायात गुठळी झाली होती, हे कुणी तिच्या डॉक्टरांना सांगितलंय का? आईला झालेली गुठळी लेकीच्या बाबतीत विचारात घेतात. गरज वाटली तर ते हेपरिनची इंजेक्शनं देतात. त्यावर बाळाला अंगावर पाजता येतं. तुझे तेव्हाचे कागद पत्र्याच्या पेटीत असतील. ते काढ, आणि आजच तिच्या डॉक्टरांना दाखव.

तुझी,
शालू