कनातीबाहेरचा श्रोता

आमच्या गावच्या संगीत सभेची व्यवस्था मी तीस वर्षे पाहिली. परंतु या काळात एकही मैफल पहिल्या षड्जापासून भैरवीपर्यंत सलग ऐकलेली नाही. मंचावर विलंबित एकताल संथपणे उलगडत असतो, आणि माझे कान जनित्राच्या घरघरीकडे, वाऱ्याने फुगणाऱ्या कनातीकडे लागलेले असतात.

मी पूर्वी असा नव्हतो. अत्तर-गुलाबाचे तबक फिरले की पहिल्या रांगेत बसावे, एवढीच माझी व्यवस्थेची कल्पना होती. डिसेंबर 1995 मध्ये हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागून चारशेंहून अधिक माणसे, त्यांतही बहुतांशी मुले, गेली. ती बातमी मी वाचली, हळहळलो आणि पान उलटले. पुढच्याच महिन्यात आमची सभा होती.

त्या रात्री लाऊडस्पीकरमधून एक बारीक गुणगुण येत होती. तानपुऱ्याच्या झंकाराला ती डागाळत होती. मी वायरमनला म्हणालो, "काहीही कर, पण ही गुणगुण बंद कर." त्याने ध्वनिवर्धकाच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची तार काढून ठेवली. गुणगुण थांबली. मी त्याची पाठ थोपटली.

उत्तररात्री तानपुऱ्यावरचा मुलगा माईक सरकवण्यासाठी उठला आणि लोखंडी स्टँडला चिकटल्यासारखा थरथरू लागला. ध्वनिवर्धकाच्या पेटीत वीज उतरली होती. जमिनीत जाण्याची तिची वाट आम्हीच बंद केल्यामुळे ती माईकच्या तारेतून स्टँडपर्यंत आली होती आणि जाजम दवाने भिजलेले होते. कोणीतरी मुख्य खटका पाडला. मुलगा वाचला. त्याच्या तळहातावर भाजल्याची खूण राहिली. शुद्ध आवाजाचा हट्ट माझा होता. किंमत त्याने मोजली.

त्यानंतर मी कनातीबाहेर उभा राहू लागलो. अर्थिंग स्वतः तपासू लागलो. तीस मिलिअँपिअर वीज गळली तरी क्षणात पडणारा खटका बसवून घेतला. झगमगीत कृत्रिम कापड मंडपातून हद्दपार केले. ते वितळून जळते ठिबकते. एका दाराचे तीन दरवाजे झाले, आणि त्यांच्यासमोर खुर्ची मांडणाऱ्या मानकऱ्यांशी वैर आले. नोव्हेंबर 2023 मध्ये कोचीजवळ एका विद्यापीठातील संगीत कार्यक्रमात पाऊस येताच बाहेरची गर्दी आत लोटली आणि पायऱ्यांवर चार जण दगावले. गर्दी पळते ती केवळ भीतीने नव्हे. कधी तिला फक्त आडोसा हवा असतो.

एका वर्षी वळवाचे वारे सुटले. मंडपाचे मधले खांब हलू लागले. एक वयोवृद्ध गायिका बडा ख्याल गात होत्या. समेपर्यंत थांबावे असे मनात आले. परंतु विलंबितातले एक आवर्तन म्हणजे सुमारे मिनिटभराचा काळ. मी मंचावर गेलो आणि हात जोडले. लोकांना रांगेने मैदानात काढले. वारा दहा मिनिटांत पडला, पाऊस आलाच नाही, मंडप जसाच्या तसा उभा! रसिकांनी मला जे सुनावले ते आजही पाठ आहे. टळलेल्या अपघाताला साक्षीदार नसतो.

मी क्षमा मागायला गेलो, तेव्हा बाई तानपुरा जुळवीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "वारा मलाही ऐकू येत होता. पण गाणारा आपणहून थांबत नाही हो. थांबवणारे कोणीतरी असावे लागते."

तो तानपुऱ्यावरचा मुलगा आता स्वतः मैफली करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे गायला. मंचावर बसताना त्याने आधी माईकच्या स्टँडला हाताची उलटी बाजू हलकेच लावून पाहिली, मग मागे वळून कनातीकडे पाहिले. मी तेथेच उभा होतो. लाऊडस्पीकरमध्ये थोडी गुणगुण होती. ती मी तशीच राहू दिली.