ऑफसाइडचे पेढे

आमच्या घराण्यात आंतरजातीय विवाह एकही झाला नाही, पण आंतरपेठीय एक झाला. माझ्या आईवडिलांचा. वडील शिवाजी पेठेतले आणि आई मंगळवार पेठेतली. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. तो म्हणेल, दोन्ही पेठा एकाच गावात, चालत गेलं तर पंधरा मिनिटांचं अंतर, वाटेत एक चहा घेतला तर वीस. मग बिघडलं कुठं? त्या भल्या माणसानं फुटबॉलच्या हंगामात एकदा शाहू स्टेडियमवर येऊन बसावं. बिघडलं कुठं ते त्याला पहिल्या दहा मिनिटांत समजेल. चुकीच्या बाजूला बसला तर पाचच मिनिटांत.

कोल्हापुरात फुटबॉल खेळतात ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना अजून पुरती पटत नाही. त्यांच्या कल्पनेत कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, चप्पल, तांबडा रस्सा आणि कुस्ती. कुस्ती आहेच. शाहू महाराजांचं 1912 सालचं खासबाग मैदान आजही आहे. पण आमच्याकडे चेंडूदेखील तालमीतूनच बाहेर पडतो. संघांची नावंच बघा ना. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. दिलबहार हे नाव ऐकून परगावच्या माणसाला पानाचं दुकान आठवतं, पण समोरच्या बॅकला विचारा. तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि खुराक, हे खरं. पण लाल मातीत अंगाला अंग भिडवायची सवय झालेल्या पेठांना इंग्रजांचा हा खेळ आपलाच वाटला असला पाहिजे. इंग्रजांनी त्यात नियम फार घातले, एवढीच आमच्या पेठेची तक्रार.

त्या नियमांपैकी एकानं आमच्या घरात सहा महिने अबोला घातला. तो नियम म्हणजे ऑफसाइड.

पण आधी आईचं सांगतो. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील यांचा सामना असला की आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सकाळपासून आई ही बायको न वाटता परराष्ट्राची वकील वाटू लागे. "तुमच्यात आज सेंटरला कोण हाय?" असं ते तिला विचारत. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तीन पोरं झाली, पण सामन्याच्या दिवशी ती 'तुमच्यात'! आई भाकरी थापत म्हणायची, "मला काय ठावं? मी काय बॅक हाय व्हय?" आणि इकडे माझा मामा, तिचा धाकटा भाऊ, सामन्याला जाताना मुद्दाम आमच्या दारावरून सायकल हाणायचा आणि ओरडायचा, "आक्का, दाजींना सांग, संध्याकाळी लवकर झोपा म्हणावं!"

आई सामन्याला कधी गेली नाही. त्या काळी बायका जातही नसत. ती गच्चीवर वाळवण राखत बसायची. वारा आमच्या बाजूचा असला की स्टेडियमवरचा गलका गच्चीपर्यंत यायचा, आणि गोल झाला की तो कोणाचा हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. "तुझ्या बाचा न्हवं. ह्यो मामाचा." दर वेळी बरोबर! मी एकदा विचारलं, कसं गं कळतं? तर म्हणाली, "आमच्या पेठंतली माणसं आधी शिट्टी मारत्यात, मग वरडत्यात. तुमची आधी वरडत्यात." आमची आणि तुमची हे शब्द तिच्याही तोंडून अवचित निसटत, पण तेवढ्यापुरतेच.

सामन्याच्या दिवशी सकाळी ती अंबाबाईला जाऊन यायची. ती नवऱ्यासाठी मागते की भावासाठी, याचं मला कोडं होतं. आबांना विचारायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी गृहीत धरलं होतं. मामानंही धरलं होतं. एकदा तिनं मला सांगून टाकलं. ती बरोबरी मागायची. आबांचा संघ जिंकला तर ते मटण घेऊन घरी येणार आणि तिकडे मामा उपाशी झोपणार. मामाचा जिंकला तर मामा पेठेतून मिरवणार आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडणार. कसंही झालं तरी तिच्या दोनातला एक माणूस जेवत नसे. म्हणून सामन्याच्या रात्री आमच्याकडे ठरलेला बेत झुणका-भाकरीचा. "जिंकलं तर चालतंय, हरलं तर शोभतंय," असं ती म्हणे.

लीगपर्यंत तिचं गाऱ्हाणं देवी बरेचदा ऐकायची. पण पुढे बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू झाल्या की टायब्रेकर आडवा यायचा. "बरोबरी झाल्यावर पुन्हा कशाला खेळत्यात?" हा तिचा प्रश्न. त्याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

जेवणाचा आणि फुटबॉलचा हा संबंध आमच्यापुरताच नाही, हे मला पुढे बँकेत नोकरी करताना कळलं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बंगाली गृहस्थ बदलून आले होते. त्यांनी सांगितलं, कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकलं की त्यांच्याकडची मंडळी हिलसा आणतात आणि मोहन बागान जिंकलं की ती मंडळी कोळंबी. म्हणजे मासळी बाजारात गेलं की वर्तमानपत्र न वाचता निकाल समजतो! 1997 च्या जुलैत या दोघांचा फेडरेशन कपचा उपान्त्य सामना बघायला सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून जास्त माणसं होती. ईस्ट बंगालनं 4-1 नं मारलं, त्यात भुतियाचे तीन गोल. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज इतका पडला की त्यांच्या घरी कोळंबी शिजते हे विचारावं लागलं नाही. त्यांनीच 1980 ची 16 ऑगस्टही सांगितली. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळली आणि 16 माणसं घरी परतली नाहीत. त्यानंतर आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसून लेजर लिहीत राहिलो. दगड आमच्या गावानंही पाहिले आहेत. आमच्या घरात दगड आला नाही. पेढे आले.

मी सातवीत होतो. फायनल होती. मामाच्या संघानं शेवटच्या काही मिनिटांत एकमेव गोल केला. आबांचं म्हणणं, त्यांचा फॉरवर्ड आपल्या बॅकच्या चांगला दोन हात पुढं होता. मामाचं म्हणणं, लाइन्समनचा झेंडा खाली होता. झेंडा खाली होता हे खरंच. आबांच्या मते लाइन्समन तपकीर ओढत होता. वाद मैदानावरच संपला असता, पण मामाला अवदसा आठवली. तो रात्री पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. कपाळाला गुलाल, तोंडभर हसू.

आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते उठले, दारात आले, पुड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऑफसाइडचे पेढे आमच्यात खात न्हाईत."

मामाचं हसू गेलं. त्यानं पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि सायकलवर टांग मारून तो निघून गेला. आई मागं उभी होती. कुणीच तिच्याकडे बघितलं नाही. (त्यातले दोन पेढे मी परसात जाऊन खाल्ले. पेठेशी गद्दारी झाली खरी, पण पेढे चांगले होते.)

मे गेला, पंचमी गेली, गणपती गेले. मामा आला नाही, आबांनी नाव काढलं नाही. आईही काही बोलली नाही, फक्त झुणका करायची बंद झाली. मग दिवाळी आली आणि भाऊबीज उजाडली. आईनं सकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. दुपार झाली. पाट तसाच. आबा अंगणात सायकलची चेन साफ करत बसले होते. ती सकाळपासून तिसऱ्यांदा साफ होत होती.

चार वाजता आई उठली. तबकात निरांजन, सुपारी, करंज्या आणि लाडू ठेवले, वर पदर धरला आणि पायात चपला घातल्या. मला म्हणाली, "तेलाची बाटली घे आणि चल." आबांना काही सांगितलं नाही.

दिवसाढवळ्या पेटलेलं निरांजन घेऊन एक बाई रस्त्यानं चालली आहे हे बघून लोक थांबून बघत. वाऱ्यानं ते दोनदा विझलं. एकदा एका किराणा दुकानदारानं काड्याची पेटी दिली, पैसे घेतले नाहीत. मिरजकर तिकटी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या मागं टिक टिक टिक टिक असा आवाज येतोय. वळून बघितलं तर तीस पावलांवर आबा सायकल हातात धरून चालत होते. मी आईला सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मागं बघू नगंस. मला ऐकू येतंय."

मामा पायरीवरच बसला होता. बहिणीला बघून तो उठला, बोलता येईना. "आक्का, मी येणारच होतो..." एवढंच म्हणाला. आईनं पाट मागितला, त्याला बसवलं, ओवाळलं. मामानं तबकात अकरा रुपये घातले. आबा बोळाच्या तोंडाशी वाकून चाकातली हवा बघत होते.

मामानं हाक मारली, "दाजी, हवा गेली व्हय?"

"न्हाई."

"मग आत या की."

आबा आले. बसले. पाणी प्याले. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आबा भांडं खाली ठेवत म्हणाले, "पर ऑफसाइड होता."

"झेंडा खाली हुता दाजी!"

झालं! सहा महिन्यांचं साचलेलं सगळं वाहू लागलं. आबांनी फराळाचं ताट पुढं ओढलं. बेसनाचा लाडू गोलकीपर झाला, शंकरपाळ्या बॅक झाल्या, मामाचा फॉरवर्ड म्हणून रव्याचा लाडू निवडला गेला. मामा तो लाडू मागं सरकवायचा, आबा पुढं ओढायचे. करंजी कुठं होती यावर अर्धा तास गेला. मामी चहा ठेवून गेली, तो निवला. शेवटी आई उठली, ताटातला तो वादग्रस्त लाडू उचलला, अर्धा आबांच्या तोंडात कोंबला, अर्धा मामाच्या, आणि म्हणाली, "आता सांगा कुठं हाय त्यो."

तोंडं भरलेली असल्यामुळं कुणालाच सांगता आलं नाही.

आता आबा नाहीत. मामा थकलाय, घराबाहेर पडत नाही. सामने यूट्यूबवर दिसतात. पेठांच्या संघांतून आफ्रिकेतली पोरं खेळून गेली. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारताकडून 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. तेव्हा मात्र दोन्ही पेठांनी एकाच बाजूनं आरडाओरडा केला. आधी शिट्टी की आधी आरोळी हे मला कळलं नाही.

गेल्या हंगामात माझ्या नातवानं आईसमोर मोबाईल धरला. हेच दोन संघ. तो म्हणाला, "पणजी, तू कुणाच्या बाजूनं?" चौऱ्याऐंशी वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. ती काही बोलली नाही, बघत राहिली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा 1-1. पोरं टायब्रेकरसाठी मधल्या रेषेवर उभी राहू लागली, तशी आईनं मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर पालथा घातला.

"अगं, अजून पेनल्टी राहिल्यात!"

"ऱ्हाऊंदेत," ती म्हणाली आणि सुनेला बेसनाचा डबा काढायला सांगितला. तेवढ्यात तो पालथा मोबाईल वाजला. मामा होता. आईनं कानाला लावला आणि त्याला बोलूच न देता विचारलं, "जेवलास का?"