मनगटावरचं ऋण

माझ्या लेकीच्या डाव्या मनगटावर स्टीलची एक पट्टी असते. तिच्यावर तिचं नाव, तिचा आजार, तिचं औषध आणि माझा फोन नंबर कोरलेला आहे. अशा पट्ट्या हल्ली घरबसल्या मागवता येतात. ही मात्र आम्हाला भिलाईतल्या माणसांनी करून दिली, आणि त्यांचं ऋण कुठंतरी नोंदवून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

लेक शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर आहे. टाइप १ मधुमेह. पुढे अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आणि घोड्यांचं वेड लागलं. दुर्गजवळच्या एका मैदानावर घोडेस्वारी शिकायची म्हणाली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. बाबांनी मात्र तिची बाजू घेतली. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर चालून आले आणि पुढे बिंबाजी भोसले तिथूनच या मुलखाचा कारभार पाहू लागले, हा इतिहास बाबांना तोंडपाठ. “आपली माणसं इथं घोड्यांवरून आली, पोरीला कशाला अडवतेस?” एवढंच ते बोलले. स्वतः ते गोंदियाहून रेल्वेनं आले होते. १९५९ साली भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, त्यानंतरच्या भरतीत त्यांना नोकरी लागली आणि त्यांचा सगळा जन्म रेल मिलमध्ये गेला.

माझी धास्ती पडण्याची नव्हती. हात मोडला तर जुळतो. इन्सुलिनवरच्या माणसाची साखर व्यायामानं उतरते, कधी कधी व्यायाम संपल्यावर काही तासांनीही. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, जीभ जड होते, विचारलेलं एक आणि उत्तर दुसरंच. घोड्यावरून पडून डोक्याला मार लागलेला माणूसही असाच बोलतो. बघणाऱ्याला कसं कळावं की पोर पडल्यामुळे अशी झाली की अशी झाल्यामुळे पडली?

हे मी आधी सिस्टरआंटींना विचारलं. त्या मूळच्या केरळच्या, सेक्टर ९ च्या रुग्णालयात आयुष्यभर नोकरी करून आमच्याच गल्लीत राहिलेल्या. भिलाईला मिनी इंडिया म्हणतात ते अशा माणसांमुळे. त्यांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघतात तसा. म्हणाल्या, “बेशुद्ध माणसापाशी आलेला जाणकार पहिल्यांदा इथं हात लावतो. म्हणून लिहायचं ते इथंच.” गळ्यातल्या साखळीला त्यांनी साफ नकार दिला. स्वारीत ती उसळून तोंडावर आपटते, संरक्षक जाकिटाच्या गळ्यात अडकते आणि ओढ बसली तर गळाच आवळते. हेल्मेटच्या आत चिठ्ठी ठेवू का, असं लेकीनं विचारलं. सिस्टरआंटी म्हणाल्या, “मानेला मार असेल तर हेल्मेट लगेच काढायचं नसतं. मग चिठ्ठी वाचणार कोण?” रक्तगट लिहायचा आमचा आग्रह होता, तोही त्यांनी सोडायला लावला. रक्त चढवण्याआधी दवाखाना गट स्वतः तपासतोच. ती जागा इन्सुलिनला द्या.

अशी पट्टी घालण्याची रीत कुठून आली तेही त्यांनीच सांगितलं. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावी लिंडा कॉलिन्स नावाच्या मुलीचं बोट कापलं. धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन देण्याआधी त्याची त्वचेवर चाचणी घेतली, आणि तेवढ्यानंच ती मरणाच्या दारात गेली. वडील डॉक्टर होते म्हणून वाचली. पण उद्या ही घरापासून दूर असताना असं झालं तर, या काळजीपोटी तिच्यासाठी चांदीचं कोरीव ब्रेसलेट करून घेतलं, आणि १९५६ साली कॉलिन्स दांपत्यानं त्यातूनच मेडिकअलर्ट ही संस्था काढली. एका आईबापाची काळजी जगाच्या कामी आली. मला त्या अनोळखी आईशी फार जवळीक वाटते.

आता पट्टी कशी असावी? बाजारातून आणलेली पहिली पट्टी नाजूक साखळीची होती. लगाम धरताना साखळी हातमोज्याखाली रुतायची, आयाळीत अडकायची. रबरी पट्ट्यावरची छपाई घामानं आणि लगामाच्या घासण्यानं पुसट झाली. क्यूआर कोडचीही एक पाहिली. पण मैदानावर मोबाइलला रेंज येईलच असं नाही आणि चरा पडला की तो कोड मुका. डोळ्यांना सरळ वाचता येईल अशी खोल अक्षरंच हवीत, हे आमचं ठरलं.

तेव्हा बाबांनी त्यांच्या मिलमधल्या जुन्या सहकाऱ्याला गाठलं. त्यांना आम्ही कका म्हणायचो. छत्तीसगडी माणूस, माझ्या लेकीला नोनी म्हणणारा. रेल मिलमध्ये तापलेल्या रुळाच्या मधल्या भागावर हीट नंबर उठवायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. भिलाईचा रूळ कुठंही गेला तरी कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वर्षीचा, कोणत्या पोलादाचा हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. कुठं तडा गेला तर आधी ती अक्षरं वाचतात. कका म्हणाले, “माणसाचंही तसंच लिहू. थोडं, पण खोल.”

त्यांनी अंगणात ऐरण मांडली. दीड मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा तुकडा कापला, त्यावर आखणी केली आणि इंग्रजी अक्षरांचे पंच ओळीनं लावले. प्रत्येक अक्षराला हातोडीचा एकच घाव. दुसरा घाव घातला की अक्षर दुहेरी उमटतं, म्हणून पहिलाच नेमका बसायला हवा. मग कडा कानशीनं गोल केल्या, पॉलिश पेपर फिरवला, आणि शेवटी बायकोची जुनी ओढणी मागून घेऊन पट्टी तिच्यावरून ओढली. एक धागा ओढला गेला. पुन्हा कानस. पुन्हा ओढणी. धागा अडकेनासा झाला तेव्हाच त्यांनी ती रुंद वेल्क्रोच्या पट्ट्यावर दोन्ही टोकांना रिव्हेट मारून सपाट बसवली. लोंबणारं काही नाही, आणि जोराची ओढ बसली तर वेल्क्रो उघडेल, मनगट सुटेल. पैशांचा विषय काढला तर कका उठून आत गेले.

एक ओळ देवनागरीत हवी, हा लेकीचा हट्ट. मैदानावर सर्वांत आधी धावणार तो मोतद्दार, आणि तो हिंदीच वाचतो. पॉवर हाउसच्या बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून देणारा एक जण बसतो. त्यानं हातातली कळशी बाजूला ठेवून तिथल्या तिथं कोरलं: ‘शुगर की बीमारी, इन्सुलिन लेती है’.

पुढच्या पावसाळ्यात ती पडली. शुद्धीवर होती, पण शब्द जुळत नव्हते. मोतद्दारानं हेल्मेटला हात लावला नाही. मनगट उलटं केलं, वाचलं, १०८ ला फोन लावला आणि पहिल्या वाक्यात इन्सुलिन सांगितलं. मग तिच्या पिशवीतलं मशीन काढून प्रशिक्षकांनी साखर मोजली. ५४ निघाली. ती गिळू शकत होती म्हणून ग्लुकोजचं पाणी घोटाघोटानं पाजलं. साखर वर आली तरी डोक्याची तपासणी व्हायला हवी म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तेही योग्यच झालं. मी पोचले तेव्हा ती नीट बोलत होती. त्या मोतद्दाराला मी काय देणार होते? दिवाळीला फराळ जातो, एवढंच.

कका आता नाहीत. सिस्टरआंटी मुलाकडे कोट्टायमला असतात. फोनवर अजून आधी नोनीची शुगर विचारतात. हा नोनी शब्द त्यांनी ककांकडून उचलला.

अमेरिकेत इव्हेंटिंगच्या स्पर्धेत उड्या मारताना स्वाराला वैद्यकीय माहितीचं कार्ड दंडावर किंवा ब्रेसलेट मनगटावर बांधावंच लागतं. आपल्याकडच्या छोट्या शिकवणी मैदानांवर असं कुणी विचारत नाही, म्हणून आईबापांनीच विचारावं. मूल घोड्यावर बसत असेल आणि त्याला मधुमेह, फिट किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर पट्टी सपाट घ्या, अक्षरं खोल घ्या, मोतद्दाराला वाचता येईल अशा लिपीत एक ओळ घाला. बेशुद्ध मुलाच्या तोंडात साखर किंवा पाणी घालायचं नाही, हे मैदानावरच्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. आणि तुमचा फोन नंबर बदलला तर त्याच आठवड्यात पट्टीही नवी करा.