टीसीयूचा संघ चांगलाच होता

फोर्ट वर्थ,
डिसेंबर २०२३

चि. बंड्यास,


तुझं पत्र पोचलं. यंदा टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा म्हणजे टीसीयूचा फुटबॉल संघ ५-७ (पाच विजय, सात पराभव) वर आटोपला, म्हणजे गेल्या मोसमातलं यश निव्वळ नशिबाचं, असं तू लिहितोस. मिशिगनला शिकणाऱ्या मुलाला फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात टीसीयूकडून झालेला तो ५१-४५ चा पराभव अजून सलत असणार, हे मी समजू शकतो. पण तुझा निकाल मला मान्य नाही.

नशीब होतं, हे आधीच कबूल करतो. २०२१ सालीही हा संघ ५-७ च होता. सॉनी डाइक्स नव्यानं प्रशिक्षक झाले, तेव्हा पत्रकारांनी बिग ट्वेल्व्ह गटातल्या दहा संघांत टीसीयूला सातवं धरलं. मॅक्स डगन तर राखीव खेळाडू होता. पहिल्याच सामन्यात चँडलर मॉरिस जखमी झाला म्हणून क्वार्टरबॅकची जागा डगनकडे आली. पुढे ओक्लाहोमा, कॅन्सस आणि कॅन्सस स्टेट या तिन्ही सामन्यांत समोरचा क्वार्टरबॅक जायबंदी होऊन बाहेर गेला.

पण ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध १७ गुणांनी मागे पडून जिंकले, ते कुणाच्या दुखापतीमुळे नव्हे. कॅन्सस स्टेटविरुद्ध १०-२८ वरून ३८-२८ केलं. आणि बेलरचा सामना तू पाहिलेलाच दिसत नाहीस. वेकोमध्ये शेवटच्या मिनिटाला २६-२८ अशी पिछाडी, घड्याळ पळतंय, टाइमआउट एकही शिल्लक नाही. चेंडू घेऊन धावणारा पडला तशी आक्रमणाची फळी बाहेर पळाली आणि किकची फळी बाहेरून धावत आत आली. कुणी गडबडलं नाही, कुणी दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिलं नाही. ग्रिफिन केलनं ४० यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढला आणि वेळ संपली. २९-२८. ही अदलाबदल ते सरावात घोटून घेत असत. मैदानात ती काही सेकंदांत बिनचूक झाली, याला मी तरी नशीब म्हणणार नाही.

मग अंतिम सामन्यातल्या जॉर्जियाविरुद्धच्या ६५-७ चं काय, असं तू विचारणारच. बोल सामन्यांच्या इतिहासात तोपर्यंत एवढ्या मोठ्या फरकानं कुणी हरलं नव्हतं. तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला आणि मनापासून वाईट वाटलं. जॉर्जिया त्यांच्यापेक्षा फार वरचा संघ होता, यात वादच नाही. पण त्या एका आकड्यावरून त्रैराशिक मांडू नकोस. तुमच्या मिशिगननं ओहायो स्टेटला २२ गुणांनी हरवलं. तीच ओहायो स्टेट जॉर्जियाकडून फक्त एका गुणानं हरली. त्या हिशेबानं मिशिगननं जॉर्जियाला २१ नं हरवायला हवं, आणि मिशिगनला ६ नं हरवणाऱ्या टीसीयूनं २७ नं. प्रत्यक्षात ते ५८ नं हरले. फुटबॉलचा हिशेब असा जुळत नाही. मग तो फक्त टीसीयूच्या विरोधातच का जुळवायचा?

यंदाच्या घसरणीचं कारण तर उघड आहे. एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी टीसीयूचे आठ खेळाडू निवडले. क्वेंटिन जॉन्स्टन पहिल्याच फेरीत गेला. देशातल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅकचा थॉर्प पुरस्कार मिळवणारा हॉजेस-टॉमलिन्सन गेला, डगनही गेला. आक्रमणाची आखणी करणारे गॅरेट रायली त्याआधीच क्लेम्सन विद्यापीठाच्या संघाकडे गेले होते. पैसे मोजून खेळाडू घेणारे लोक नशिबावर भाळून आठ जणांना उचलत नाहीत. आणि एवढी माणसं एकदम गेल्यावर कुठल्याही कॉलेजचा संघ खचेलच. यंदाचा संघ कमी पडला, त्याचा दोष गेल्या वर्षीच्या मुलांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

माझा निकाल असा: २०२२ चा टीसीयू देशातला सर्वोत्तम संघ नव्हता, पण चांगला होता, आणि तुमच्या मिशिगनला त्यानं स्वतःच्या बळावर हरवलं. बेलरच्या सामन्याची शेवटची दोन मिनिटं एकदा पाहा आणि मगच उत्तर लिही.

तुझा,
मामा