एकाच भक्ताचा देव

स्वयंपाकघरातील खण ओढावा आणि आत आडवा पडलेला झारा त्याला घट्ट अडवून धरावा, असा प्रसंग कोणत्या घरी येत नाही? माणूस चरफडतो, खण हिसकतो, ‘हा झारा येथे ठेवला कुणी?’ म्हणून घरच्यांवर डाफरतो. टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) या इंग्रज विनोदी कादंबरीकाराने ही चरफड म्हणजेच प्रार्थना मानली आणि ती ऐकणारी एक देवता कल्पिली. तिचे नाव अनोइया. खणात अडकणाऱ्या सर्व वस्तूंची ती अधिष्ठात्री!

१९८३ पासून प्रॅचेट यांनी थाळीसारख्या चपट्या जगाच्या कथा लिहिल्या. ही थाळी चार हत्तींच्या पाठीवर, आणि ते हत्ती अंतराळात पोहणाऱ्या प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. दिग्गज आणि कूर्म यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलांना हे चित्र परके वाटू नये.

विचित्र नाव नि मोठे पोट दिले, की गमतीदार देव तयार होतो, असे पुष्कळांना वाटते. त्याने घटकाभर हसू येते, इतकेच. प्रॅचेट यांनी आपल्या देवांना एक गरज दिली. त्या जगात देव माणसांच्या श्रद्धेवर जगतात. श्रद्धा आटली, की देवही आटतो.

‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) या कादंबरीतील ओम हा असाच एक देव. नाव ऐकून ओंकार आठवेल, पण हा सर्वस्वी कल्पित. त्याची मंदिरे भव्य, पुजारी अगणित. बलाढ्य बैलाच्या रूपाने अवतरावे, असा त्याचा बेत. प्रत्यक्षात तो झाला एक लहानसे कासव! कारण उघड होते. शंका घेणाऱ्याचा तेथे छळ होई. त्यामुळे लोक हात जोडत ते भीतीपोटी. मनापासून मानणारा उरला एकच : मठाच्या बागेत खपणारा, निरक्षर, पण एकदा पाहिलेले कधीही न विसरणारा ब्रुथा.

कासवाचे बोलणे ऐकू येई ते त्यालाच. आणि मौज अशी, की त्याचाच त्यावर विश्वास बसेना. आपला देव केवढा थोर! तो कासव कसा असेल? हे खचित एखादे भूत!

पुढे वाळवंटातून जाण्याचा प्रसंग येतो. ब्रुथाजवळ कासव असते आणि मूर्च्छित पडलेला व्होर्बिसही. छळ करणाऱ्यांचा हाच प्रमुख. त्याला येथेच टाकून दे, असे देव परोपरीने सांगतो. ब्रुथा ऐकत नाही; शत्रूलाही वाहून नेतो. आजवर ज्याने कुणाचे ऐकले नव्हते, त्या देवालाही मग त्याच वाटेने जावे लागते. चालणारे पाय ब्रुथाचे असतात.